गुरुजी-बाईंनाही खतपाणी हवे

आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटली. अशी उमेद पुष्कळ गुरुजी-बाईंत असते. पण निवडणूक, जनगणना आणि कागद रंगविण्यात ती आटते. त्यात तोडणीला गेलेल्या मजुरांची मुले हंगामात शाळेतून तुटतात. खतपाण्याविना खोडवा टनेज देईल काय?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. चिंचोळी एमआयडीसीत पाळी असो वा रानात पाणी धरायचे असो, बैठक चुकवू नका. तक्रारीआधी ‘गुरुजी, अडचण काय?’ एवढे विचारा. विश्वासावरच शाळा फुटवा धरते.