फिरती बिजागरी : आरोग्याचा चिनी विचार

प्रस्तावना

आजार झाल्यावर औषध घ्यावे, हे सर्वांना ठाऊक असते. आजार येऊच नये म्हणून रोजच्या जगण्यात काय करावे, हा विचार मात्र सहसा मागे पडतो. भारताप्रमाणेच चीनमध्येही दोन हजार वर्षांहून जुनी वैद्यकपरंपरा आहे आणि तिने या दुसऱ्या प्रश्नाला मोठे महत्त्व दिले आहे. व्यायाम, विश्रांती, श्वास आणि निसर्गातील औषधे यांविषयी ही परंपरा काय सांगते, मराठी माणसाचा तिच्याशी कसा संबंध आला आणि आजच्या विज्ञानाच्या कसोटीवर तिच्यातील काय टिकले, याची ओळख या पाठात करून दिली आहे.

श्रम आणि व्यायाम

रायपूर शहराच्या उत्तरेला, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत भनपुरी ही औद्योगिक वसाहत आहे. लोखंड तापवून त्याच्या सळया व पट्ट्या काढणारे कारखाने, गोदामे आणि मालवाहू ट्रकांची वर्दळ यांनी हा परिसर गजबजलेला असतो. अशा ठिकाणी पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कामगारांकडे लक्षपूर्वक पाहिले, तर कोणी कमरेवर हात ठेवून चालताना दिसतो, तर कोणी मान चोळताना. दुखणे अगदीच असह्य झाले, की औषधाच्या दुकानातून एखादी वेदनाशामक गोळी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर व्हायचे, असा अनेकांचा क्रम असतो. व्यायामाचा विषय निघाला, की साहजिकच प्रश्न येतो : दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याला आणखी व्यायाम कशाला?

हा प्रश्न चुकीचा नाही. परंतु त्यात एक गल्लत आहे. श्रम आणि व्यायाम या दोन गोष्टी एक नव्हेत. कामात शरीराचे काही ठरावीक भागच पुन्हा पुन्हा राबतात आणि उरलेले आखडून जातात. यंत्राजवळ दहा तास उभा राहणारा कामगार, शिवणयंत्रावर वाकून बसणारी स्त्री, ट्रक चालवणारा चालक, हे सर्वजण थकतात. पण त्यांच्या साऱ्या सांध्यांना मोकळी हालचाल मिळत नाही. चिनी वैद्यकाने नेमका हाच भेद फार पूर्वी ओळखला होता.

'ह्वांगदी नेइचिंग' हा चिनी वैद्यकाचा मूलभूत ग्रंथ दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झाला. त्यात अतिरेकाचे पाच प्रकार सांगितले आहेत. फार वेळ डोळे ताणून पाहणे, फार वेळ पडून राहणे, फार वेळ बसणे, फार वेळ उभे राहणे आणि फार चालणे, या प्रत्येकाने शरीराच्या कोणत्या ना कोणत्या घटकाची हानी होते, असे हा ग्रंथ मानतो. यात आळशी माणसाइतकाच कष्टकरी माणसाचाही विचार आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

जीवनाचे पोषण

चिनी भाषेत आरोग्यरक्षणासाठी 'यांगशंग' असा शब्द आहे. त्याचा अर्थ जीवनाचे पोषण असा होतो. उत्तम वैद्य रोग उद्भवण्यापूर्वीच त्याला आवर घालतो, ही या विचारामागील भूमिका आहे. तहान लागल्यावर विहीर खोदायला घेणाऱ्या माणसाचा दाखला यासाठी तेथील ग्रंथ देतात. मराठीतील आग लागल्यावर विहीर खोदण्याची म्हण याच जातकुळीची आहे.

या विचारातील मुख्य कल्पना 'ची' ही होय. 'ची' म्हणजे शरीरात सतत वाहणारी जीवनशक्ती. भारतीय परंपरेतील 'प्राण' या संकल्पनेशी तिचे जवळचे नाते दिसते. 'ची' सुरळीत वाहत असेल तर शरीर निरोगी राहते आणि तिचा प्रवाह अडला की वेदना उद्भवते, असे मानले गेले. दुसरी कल्पना 'यिन' आणि 'यांग' यांची आहे. रात्र व दिवस, शीत व उष्ण, विश्रांती व हालचाल अशा परस्परपूरक जोड्यांचा समतोल म्हणजे आरोग्य. म्हणूनच दिवसभर भट्टीपुढे राबलेल्या माणसाला या परंपरेने आणखी जोर काढण्याचा सल्ला दिला नसता. शांत, संथ हालचाल आणि पुरेशी झोप हेच त्याच्यासाठी योग्य ठरले असते.

मर्यादेचे हे भान भारतीय वैद्यकातही आहे. आयुर्वेदाने व्यायाम आपल्या बळाच्या निम्म्यापर्यंतच करावा असे सांगितले आहे. सातव्या शतकात होऊन गेलेला चिनी वैद्य सुन् सिमियाव यानेही हेच वेगळ्या प्रकारे मांडले. माणसाने नेहमी थोडेफार श्रम करीत राहावे, मात्र स्वतःला दमवून टाकू नये, असे त्याचे मत होते. हिमालयाच्या दोन्ही बाजूंना वैद्य जवळजवळ एकाच निष्कर्षाला पोचले होते.

पशुपक्ष्यांकडून घेतलेले धडे

चिनी व्यायामाचा एक अतिशय जुना पुरावा चीनच्या छांगशा शहराजवळ मावांगद्वी येथे सापडला. तेथील इ. स. पूर्व १६८ मधील एका थडग्यातून १९७३ साली रेशमी वस्त्रावर रंगवलेले एक चित्र बाहेर आले. त्यात ४४ मानवाकृती निरनिराळ्या व्यायामस्थितींत दाखवल्या आहेत. त्यांत स्त्रिया आहेत, पुरुष आहेत, तरुण आहेत आणि वृद्धही आहेत. काही आकृत्यांजवळ तो व्यायाम कोणत्या दुखण्यासाठी आहे तेही लिहिले आहे. त्यांत गुडघेदुखीचा उल्लेख आढळतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे गुडघेही आजच्यासारखेच दुखत होते!

इ. स. २०० च्या सुमारास ह्वा थ्वो नावाचा प्रसिद्ध वैद्य होऊन गेला. वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी यांच्या हालचालींवरून त्याने पाच व्यायाम बसवले. भुजंगासन, मयूरासन ही नावे ऐकलेल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. आपला शिष्य वू फू याला व्यायामाचे महत्त्व पटवताना ह्वा थ्वोने दाराच्या बिजागरीचा दाखला दिला होता. रोज उघडझाप होणारे दार जसे तिथे कुजत नाही, तसेच नित्य हालचाल करणारे शरीर लवकर जीर्ण होत नाही, असा त्याचा आशय होता. गुरूचा उपदेश पाळणारा हा शिष्य नव्वदी ओलांडून जगला आणि त्याची दृष्टी, श्रवणशक्ती व दात शाबूत होते, असे जुन्या चिनी इतिहासात नमूद आहे.

पुढील काळात 'बादुआनचिन' हा आठ हालचालींचा व्यायामप्रकार रूढ झाला. त्यासाठी साधन लागत नाही आणि दोन पावलांइतकी जागा पुरते. पहिल्या हालचालीत दोन्ही हातांची बोटे गुंफून तळवे आभाळाकडे उचलले जातात. दुसऱ्या हालचालीत धनुष्य ओढल्याप्रमाणे एक हात बाजूला ताणला जातो आणि दुसरा छातीपाशी खेचला जातो. आणखी एका हालचालीत पाय न हलवता मान सावकाश वळवून मागे पाहिले जाते. शेवटी टाचा उचलून हलकेच खाली टेकवल्या जातात. प्रत्येक हालचाल श्वासाच्या लयीत, झटका न देता करावयाची असते. सर्व आठ प्रकारांना साधारण पंधरा मिनिटे लागतात.

'ताइची' हा व्यायाम मुळात युद्धकलेतून आला. १९५६ साली चीनमध्ये त्याच्या २४ हालचालींचा एक सोपा क्रम ठरवण्यात आला. चीनमधील बागांमध्ये पहाटे वृद्ध स्त्री-पुरुष एकत्र जमून ताइची करताना दिसतात. २०२० मध्ये युनेस्कोने ताइचीचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. भारतातील योगाला हा मान २०१६ मध्येच मिळाला होता.

सोलापूर, नागपूर आणि चीन

चीनमधील आरोग्यसेवेशी मराठी माणसाचे नाते जोडले गेले ते युद्धाच्या काळात. जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर, १९३८ साली भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे पाठवले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच नागपूरचे डॉ. चोळकर होते. त्या वेळी रायपूर आणि नागपूर मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होते. मुंबईत शिकलेले डॉ. कोटणीस चीनमध्येच राहिले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच निवर्तले.

हे पाचही डॉक्टर आधुनिक वैद्यक शिकलेले होते. परंतु त्यांच्यापैकी डॉ. विजयकुमार बसू हे १९५८ साली पुन्हा चीनला गेले, तेथे त्यांनी ॲक्युपंक्चर ही उपचारपद्धती शिकून घेतली आणि कोलकात्यात तिचा वापर सुरू केला. शरीरावरील ठरावीक बिंदूंमध्ये अतिशय बारीक सुया टोचून उपचार करणे, म्हणजे ॲक्युपंक्चर. पुढे पश्चिम बंगालने १९९६ मध्ये या पद्धतीसाठी कायदा केला आणि नंतर महाराष्ट्रातही 'ॲक्युपंक्चर उपचारपद्धती अधिनियम, २०१५' हा कायदा झाला. अशा रीतीने युद्धातील सेवेसाठी गेलेल्या पथकातून एक चिनी विद्या भारतात येऊन रुजली.

विज्ञानाची कसोटी

कोणतीही गोष्ट केवळ जुनी आहे म्हणून खरी ठरत नाही आणि केवळ जुनी आहे म्हणून टाकाऊही ठरत नाही. तिची परीक्षा घ्यावी लागते. 'ची' वाहून नेणाऱ्या वाहिन्या शरीररचनाशास्त्राला सापडलेल्या नाहीत. तरीही ताइचीमुळे वृद्धांचा तोल सुधारतो आणि पडण्याचे प्रमाण घटते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. कंपवाताच्या रुग्णांनाही तोल सांभाळण्यासाठी तिचा उपयोग होतो, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात आढळले. ॲक्युपंक्चरने काही प्रकारच्या जुनाट वेदनांना थोडाफार उतार पडतो; मात्र अनेक रोगांवरील त्याचे दावे सिद्ध झालेले नाहीत.

औषधांच्या बाबतीत दोन उदाहरणे बोलकी आहेत. चौथ्या शतकातील गे होंग या चिनी वैद्याने तापावर एका वनस्पतीचा थंड पाण्यातील रस सांगितला होता. तो वाचून संशोधिका तू योयो यांना वाटले, की उष्णतेमुळे या वनस्पतीतील गुणकारी द्रव्य नष्ट होत असावे. त्यांनी कमी तापमानात अर्क काढला आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यातून हिवतापावरील 'आर्टेमिसिनिन' हे प्रभावी औषध हाती आले. या कार्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. छत्तीसगडमधील बस्तरसारख्या हिवतापग्रस्त भागात घातक हिवतापावर जे उपचार दिले जातात, त्यांत याच द्रव्यापासून तयार झालेल्या औषधांचा समावेश असतो.

दुसरे उदाहरण सावध करणारे आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्या औषधांत ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली वनस्पती मिसळली गेली होती. जे नैसर्गिक ते निर्धोकच असते, ही समजूत किती महाग पडू शकते हे या घटनेने दाखवून दिले. पहिल्या उदाहरणात जुन्या ज्ञानाची परीक्षा झाली, दुसऱ्यात ती झाली नव्हती. दोहोंतील फरक एवढाच.

समारोप

भनपुरीच्या कामगाराच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. तो रोज यंत्राला वंगण घालतो, कारण कोरडे पडलेले यंत्र एक दिवस अडकून बसेल हे त्याला माहीत असते. मानवी शरीराचेही तसेच आहे. कामाच्या मधल्या सुटीत मान, खांदे व कंबर सावकाश मोकळी करणे, घरी परतल्यावर पंधरा मिनिटे संथ व्यायाम करणे आणि झोपेला कात्री न लावणे, एवढे कोणालाही शक्य आहे. तो व्यायाम बादुआनचिन असो, योगासने असोत वा सूर्यनमस्कार. नाव महत्त्वाचे नाही, नित्यक्रम महत्त्वाचा.

मात्र व्यायाम हा उपचाराला पर्याय नाही. वेदना पायात उतरत असेल, अवयवांत बधिरता येत असेल, छातीत दुखत असेल किंवा ताप हटत नसेल, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. गर्भवती स्त्रियांनी आणि रक्तदाब किंवा मणक्याचा विकार असलेल्यांनी नवा व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावा. सुयांचे उपचार घ्यायचे झाल्यास उपचारक नोंदणीकृत आहे आणि सुया नव्या व निर्जंतुक आहेत, याची खात्री करून घ्यावी.

बिजागरी फिरत राहिली पाहिजे. आणि ती मोडलीच, तर जाणत्या कारागिराला वेळेवर बोलावले पाहिजे. या दोन्ही गोष्टी समजणे, यालाच आरोग्याविषयीची जाण म्हणता येईल.

स्वाध्याय

१. 'श्रम आणि व्यायाम एक नव्हेत' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

२. 'यिन' आणि 'यांग' यांच्या समतोलाची दोन उदाहरणे स्वतःच्या दिनक्रमातून द्या.

३. तू योयो यांचे संशोधन आणि बेल्जियममधील घटना यांतून कोणता बोध मिळतो?

४. तुमच्या कामात शरीराचा कोणता भाग सर्वाधिक राबतो आणि कोणता आखडतो, याचे एक दिवस निरीक्षण करून आठ-दहा ओळी लिहा.