शिकून घेतलेला संतोष
(लेखांक सातवा)

नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावी पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, माणसांच्या व गुराढोरांच्या पिण्यासाठी किती राखावयाचा आणि उरल्या पाण्यावर कोणते पीक घ्यावयाचे याचा हिशेब सर्वांसमक्ष होतो, आणि पाऊस उणा पडला असेल तर जास्त पाण्याच्या पिकाचा ज्याचा बेत असेल त्याला तो गुंडाळून ठेवावा लागतो. दुष्काळांनी मोडून पडलेल्या आणि कर्ती माणसे मजुरीसाठी परागंदा झालेल्या या गावाने १९८९-९० पासून पोपटराव पवार यांच्या पुढारपणाखाली डोंगरउतारावर चर खणले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, शेतीसाठी कूपनलिका घेण्यास मनाई केली आणि ऊस-केळीला रजा दिली. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण सारेच मुलांना ऐकवतो. या गावाने ती दप्तरी रुजू केली.

आता आपल्या लेखमालेचा प्रश्न असा की, नवा करार ज्याला संतोष म्हणतो तो हाच काय? माझ्या मते अर्धा हाच. ताळेबंदामुळे असेल त्यात भागवता येते. पण ज्या वर्षी जमेची बाजू कोरीच राहते, किंवा अंथरूणच कोणी ओढून नेते, त्या वर्षी मनाचे काय करावे, हे ताळेबंद सांगू शकत नाही. तेथून पुढची वाट पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात आहे, आणि ते पत्र त्याने बंदिवासातून लिहिले आहे.

पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो की, कोणत्याही स्थितीत संतुष्ट राहण्यास आपण शिकलो आहोत. या वाक्यातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा शब्द ‘संतुष्ट’ हा नसून ‘शिकलो’ हा आहे. संतोष ही स्वभावाची देणगी असती तर ज्याला ती लाभली नाही त्याने कोणाकडे दाद मागावी? पौलाचा मूळ स्वभाव तर शांत नव्हताच. तो तापट, वाद घालणारा, एके काळी ख्रिस्ती लोकांना धरून तुरुंगात घालणारा मनुष्य होता. शिवाय विपन्नतेप्रमाणेच विपुलतेत कसे राहावे, हेही आपल्याला शिकावे लागले असे तो सांगतो. हे आपल्या ध्यानात सहसा येत नाही. विहीर आटल्यावर ऊस सोडण्यास शहाणपण लागत नाही. विहिरीला पाणी आलेले असता तो न लावणे, हाच अवघड धडा होय.

पौलाने योजलेला ग्रीक शब्द त्या काळच्या स्टोइक तत्त्वज्ञांच्या नित्य वापरातला होता. ज्याला कोणाचीच गरज उरली नाही अशा स्वयंपूर्ण पुरुषाची अवस्था त्यांना त्यातून सांगावयाची असे. पौलाने शब्द त्यांचा घेतला, पण आपले सामर्थ्य आपल्याला बळ देणाऱ्या ख्रिस्ताकडून येते असे म्हणून त्याचा अर्थ पालटला. आणि ज्या पत्रात तो हे लिहितो ते पत्र अंशतः फिलिप्पैकरांनी एपफ्रदीत या आपल्या माणसाच्या हाती पाठवलेल्या देणगीबद्दलचे आभारपत्र आहे. संतुष्ट मनुष्य मदत नाकारीत नाही, तिच्यासाठी झुरतही नाही.

याच नगर जिल्ह्यात हा धडा एका बाईने आमच्याच भाषेत गिरवला. कवी नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सनातनी घरात वाढलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे सारे अंथरूणच ओढले गेले. नवरा जिवंत असून संसार नाही, अशी काही वर्षे त्यांनी काढली. पुढे त्या पतीकडे राहावयास आल्या, तरी आपला स्वयंपाक आणि आपले पाणी त्यांनी वेगळे ठेवले होते. तो विटाळ मनातून गेला आणि १९०० साली राहुरीस त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण हे एका दिवसात घडले नाही आणि नवऱ्याच्या हुकुमाने तर मुळीच घडले नाही. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्यास ठाऊक आहे की, टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे आणि घरात दुसऱ्यांची मुले असत; लक्ष्मीबाई त्यावर भांडत, रडत, आणि लगेच स्वतःलाच हसत. हे हसू मला त्यांच्या संतोषाची खरी पावती वाटते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ स्थापला, आणि १९१९ च्या मे महिन्यात ते निवर्तले. पन्नाशी गाठलेल्या या विधवेने मग त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य हाती घेतले.

येथे एक इशारा देणे मला भाग आहे. संतोषाचा उपदेश पोट भरलेल्याने उपाशी माणसाला करावा, यासारखा ओंगळ प्रकार दुसरा नाही. या जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे गावकुसाबाहेरून आली. त्यांना कोणी वतनी कामावर आणि वाट्यास येणाऱ्या शिळ्या भाकरीवर संतुष्ट राहा असे सांगितले असते, तर ते ख्रिस्ताचे नाव घेऊन पाटलाची वकिली करणे ठरले असते. पौल तसे कधीच सांगत नाही. याच फिलिप्पै नगरात त्याला व त्याचा सोबती सीला याला फटके मारून, पाय खोड्यात अडकवून कोठडीत टाकले होते. मध्यरात्री दोघे स्तोत्रे गात होते, हे आपण प्रवचनातून पुष्कळदा ऐकतो, पण सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सुटकेचा निरोप धाडला तेव्हा, आम्ही रोमी नागरिक असता चौकशीवाचून आम्हांस मारले, आता त्यांनी स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावे, असे पौलाने ठणकावले, आणि अधिकाऱ्यांना यावे लागले, हा भाग प्रवचनात क्वचितच येतो. रात्री गाणारा आणि सकाळी कैफियत मांडणारा मनुष्य एकच होता.

पुढील लेखांकात या पत्रातील चिंतेविषयीचा भाग घ्यावयाचा आहे. तत्पूर्वी वाचकांनी ते पत्र एका बैठकीत वाचून ठेवावे. अवघे चार अध्याय आहेत, आणि त्याबरोबर प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्यायही अवश्य वाचावा.