बर्फाच्या दर्यावर (७) : अधिक महिना आणि पेंग्विन

केबिन कोणत्या मजल्यावर घ्यावी ते या आठवड्यात सांगतो, असं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळेवर ढकलतो आहे. कारण मुलुंडहून आलेलं एक पत्र. बाईंची मुलगी सातवीत, शाळा स्टेट बोर्डाची, यजमान नोकरीत. त्या विचारतात, "मे महिन्यात शाळेला सुट्टी, यांनाही रजा मिळते. तेव्हा अंटार्क्टिकाच्या बोटीला गर्दी फार असते का? आणि भाडं वाढवून लावतात का?"

गर्दी अजिबात नसते, कारण बोटच नसते. भाड्याचा प्रश्न तिथेच मिटला.

हसण्यासारखं मात्र त्यात काही नाही. मे म्हणजे हिंडायचा महिना हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. आधी गावी जायचो, मग माथेरान-महाबळेश्वर आलं, मग सिमला-काश्मीर, आणि आता घाटकोपर-बोरिवलीच्या निम्म्या सोसायट्या मे महिन्यात स्वित्झर्लंडला असतात. इथवर सगळं जमून गेलं, कारण ही सगळी ठिकाणं विषुववृत्ताच्या आपल्याच बाजूची. पलीकडे गेलं की गणित उलटतं. तिकडे मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र मार्चपासून पुन्हा गोठू लागतो आणि सप्टेंबरात ते बर्फ सर्वांत जास्त पसरलेलं असतं, साधारण १८० लाख चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या देशाच्या साडेपाच पट नुसता गोठलेला समुद्र! फेब्रुवारीच्या अखेरीस तो आकसून वीस-तीस लाखांवर येतो. दरवर्षी.

बंद दर्या म्हणजे काय हे मुंबईकराला समजावून सांगायला नको. वेसाव्याच्या होड्या पावसाळ्यात वर ओढलेल्या असतात, नारळी पौर्णिमा झाल्यावाचून कोळी समुद्राला हात लावत नाही, आणि भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या जुन्या बोटीही पावसाळाभर बंद असत. अंटार्क्टिकाचा दर्याही तसाच बंद असतो, फक्त एप्रिल ते ऑक्टोबर असा तब्बल सात महिने.

आपल्या पहिल्या मोहिमेच्या तारखाच बघा. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाले. 'पोलर सर्कल' हे नॉर्वेचं जहाज भाड्याने घेतलेलं होतं. ९ जानेवारी १९८२ ला ते बर्फावर उतरले आणि २१ फेब्रुवारीला गोव्यात परतसुद्धा आले. एवढी तयारी, एवढा खर्च, आणि प्रत्यक्ष मुक्काम जेमतेम दहा दिवसांचा. तिसऱ्या मोहिमेत, १९८३ च्या डिसेंबरात, सुदीप्ता सेनगुप्ता आणि आपल्या अदिती पंत गेल्या. अदितीबाई नागपूरला जन्मलेल्या, औंधच्या पंत घराण्यातल्या, समुद्रविज्ञानाच्या अभ्यासक. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाय ठेवणाऱ्या या दोघी पहिल्या महिला. 'दक्षिण गंगोत्री' हे आपलं पहिलं केंद्र त्याच उन्हाळ्यात उभं राहिलं. मिळालेल्या थोड्या आठवड्यांत ते उभं करणं भागच होतं, कारण दर्या पुन्हा गोठायच्या आत जहाजाने माघारी फिरायला हवं.

इथे चाणाक्ष वाचक विचारील, सहलीच्या बोटी नोव्हेंबरात पोहोचतात, मग आपले शास्त्रज्ञ जानेवारीत का? कारण दोघे एका ठिकाणी जातच नाहीत. 'मैत्री' आणि 'भारती' ही आपली केंद्रं ७० अंश दक्षिणेच्या आसपास, थेट मुख्य खंडावर आहेत. त्या किनाऱ्यापुढचं बर्फ उशिरा सुटतं. सहलीची बोट सुटते अर्जेंटिनाच्या उश्वायाहून, ड्रेक सामुद्रधुनी ओलांडते आणि अंटार्क्टिक द्वीपकल्पाला लागते. खंडाचं हे शेपूट दक्षिण अमेरिकेच्या दिशेने उत्तरेकडे पार ६३ अंशांपर्यंत आलेलं आहे, म्हणून ते लवकर मोकळं होतं. तेव्हा "मैत्री बघायला मिळेल ना?" असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकच उत्तर : नाही. जाता जाता एक गंमत सांगतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये आपल्या टपाल खात्याने 'भारती'त कार्यालय उघडलं, ते खात्याच्या महाराष्ट्र परिमंडळाच्या अखत्यारीत, आणि त्याला पिन दिला एमएच-१७१८. तिकडून पत्र टाकायची हौस सहलीच्या प्रवाशाला भागवता येते ती पोर्ट लॉकरॉयच्या ब्रिटिश टपालघरात. तेही उघडं असतं फक्त नोव्हेंबर ते मार्च.

आता या पाच महिन्यांतला कोणता महिना घ्यावा? इथे माझं मत ठाम आहे आणि ते सहल कंपन्यांना आवडत नाही. त्या सगळ्यांना नाताळ विकतात. रजा जोडून मिळतात, दिवस चोवीस तासांचा वाटतो, फोटो झकास येतात. सगळं खरं आहे. पण भाडं सर्वांत जास्त तेव्हाच, आणि नाताळात पिल्लं बघायला जावं तर पुष्कळ ठिकाणी आईबाप अजून अंड्यांवरच बसलेले असतात. पिल्लं बाहेर येतात ती डिसेंबरची अखेर ते जानेवारी.

पिल्लांचंच बघायचं असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा घ्या. देवमासे बघायचे असतील तर फेब्रुवारी, फार तर मार्चचा पहिला आठवडा. उन्हाळाभर क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, खाऊन हम्पबॅक तेव्हा धष्टपुष्ट झालेले असतात, गेर्लाश सामुद्रधुनीत बोटीच्या दोन्ही अंगांना त्यांचे फवारे उडतात. (आपल्या अरबी समुद्रातले हम्पबॅक मात्र असे लांब कुठे जात नाहीत, बारा महिने इथेच राहतात. जगात ही एवढीच जमात अशी. त्यांच्यावर एक अख्खा भाग लिहायची माझी इच्छा आहे, संपादकांची नाही.) फेब्रुवारीत बर्फ कमी, म्हणून बोट आणखी दक्षिणेला उतरू शकते.

त्याची किंमत नाकाने मोजावी लागते. मी गेलो तो फेब्रुवारीत. जेंटू पेंग्विनच्या वसाहतीत तेव्हा बर्फ वितळून चिखल झालेला असतो, आणि त्या चिखलात तीन महिन्यांची विष्ठा. रंग गुलाबी, कारण खाणं क्रिलचं. वास वाऱ्यावरून बोटीपर्यंत येतो. अर्धवट पिसं झडलेली पिल्लं खाण्यासाठी आईच्या मागे धावतात, चिखलात तोंडावर पडतात, उठून पुन्हा धावतात. बोटीवर परतलं की गमबूट ब्रशने घासायचे, तळव्यांच्या खाचांतला चिखल काडीने काढायचा, मग जंतुनाशकाच्या पाटात उभं राहायचं. उतरण्याआधी याच्या उलट तपासणी : कपड्यांत आपल्याकडचं बी-बियाणं अडकलेलं नको म्हणून खिसे व्हॅक्यूमने साफ करतात. माझ्या खिशातून चकलीचा चुरा निघाला. तपासणाऱ्या मुलीने तो काय आहे हे विचारलंही नाही, गोळा करून टाकून दिला.

नोव्हेंबरात यातलं काही नाही. बर्फ कोरं, हिमनग ताजे, पेंग्विन घरट्यासाठी खडे गोळा करतात आणि शेजाऱ्याचे उघड उघड चोरतात. वास नाही, गर्दी कमी, भाडंही नाताळच्या मानाने कमी. उणं एवढंच की लमेअर खाडीसारख्या अरुंद वाटा कधी कधी बर्फाने तुंबलेल्या असतात आणि कप्तान बोट माघारी वळवतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने नोव्हेंबरच घ्यावा, असं मी म्हणतो. देवमाशांसाठी आयुष्यात पुन्हा जाता येईल. नाही जमलं, तरी कोरं बर्फ बघितल्याचं समाधान जास्त टिकतं.

आणि इथेच मुलुंडच्या बाईंसाठी वाट निघते. दिवाळीची सुट्टी! पण कोणत्याही वर्षीची नव्हे. आपली दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मागेपुढे होते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. तेव्हा बोटी नुसत्या रंगरंगोटी करून उभ्या असतात. पण ज्या वर्षी दिवाळीच्या आधी अधिक महिना येतो, त्या वर्षी सण पुढे सरकतो. २०२३ ला अधिक श्रावण होता, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आलं. २०२६ ला अधिक ज्येष्ठ, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे साधारण दर तीन वर्षांनी स्टेट बोर्डाची सुट्टी आणि अंटार्क्टिकाचा हंगाम एकमेकांना भेटतात. विमानं धरून सहलीला अडीच आठवडे लागतात, सुट्टीत ते कसेबसे बसतात. अधिक महिन्यात जावयाला अनारसे द्यायचे, तसे बोटीचे पैसे भरायचे, एवढं लक्षात ठेवलं की झालं. मात्र मुलीला धाकटं भावंड असेल तर आधी चौकशी करा. अनेक बोटी आठ वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत.

मे महिनाच हवा असेल तर अंटार्क्टिका सोडा आणि अलास्काकडे बघा. तिथला हंगाम मे ते सप्टेंबर, आणि मे त्यातला कमी पावसाचा. डोंगरांवर अजून बर्फ असतं, हवाईहून हम्पबॅक परतलेले असतात, भाडं जुलैपेक्षा उतरलेलं असतं. ग्लेशियर बे उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटींना प्रवेश आहे, तेव्हा बोट निवडताना ठिकाणांच्या यादीत हे नाव आहे ना, एवढं तपासा. सामन मासे आणि त्यांच्यामागे नदीवर येणारी अस्वलं मात्र मे महिन्यात दिसायची नाहीत, ती जुलै-ऑगस्टची. हबर्ड हिमनदीपाशी तरंगतं बर्फ जास्त असलं तर बोट लांबूनच वळते. बोट व्हँकुव्हरहून सुटत असेल तर कॅनडा आणि अमेरिका, दोन्ही व्हिसा लागतील. ही कामं आदल्या दिवाळीलाच सुरू करा.

अंधेरीच्या एका वाचकांना नॉर्वेत मध्यरात्रीचा सूर्य आणि उत्तरेचा प्रकाश, दोन्ही एकाच खेपेत बघायचे आहेत. ट्रॉम्सोला साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही आणि प्रकाशाला काळोख लागतो. दोन खेपा कराव्या लागतील. नॉर्वेच्या किनाऱ्यावर सविस्तर लिहिणार आहे, पण केबिनच्या नंतर.

केबिनचा भाग पुढच्या आठवड्यात नक्की. ज्यांना बोट लागते, त्यांनी तो वाचल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नये.