झोप येण्याची पूर्वतयारी

मराठीत आपण ‘मला झोप लागली’ असे म्हणतो, तर कन्नडमध्ये ‘ननगे निद्दे बंतु’ असे म्हणतात. हुलसूरकरांना ही दोन्ही वाक्ये परिचयाची आहेत. दोहोंतही कर्ता झोप आहे, आपण नाही! मला यात एक मोठे सत्य दिसते. झोप ही करावयाची क्रिया नसून आपोआप येणारी अवस्था आहे. ‘आता झोपलेच पाहिजे’ असा हट्ट धरला की मन अधिक सावध होते, आणि झोप दूर पळते. परीक्षेच्या आदल्या रात्री हा अनुभव पुष्कळांना येतो. मग आपल्या हाती काय उरते? शरीर सैल सोडणे.

ही विद्या आपल्याकडे जुनीच आहे. शवासनाने थकवा जातो व चित्ताला विश्रांती मिळते, असे ‘हठप्रदीपिके’त सांगितले आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांच्या शास्त्रीय अभ्यासास चालना दिली. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकविले. त्यांपैकी अनेकांचा रक्तदाब उतरला किंवा औषध कमी करता आले. हे निष्कर्ष १९६९ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत डॉ. एडमंड जेकबसन यांनी स्नायू क्रमाक्रमाने शिथिल करण्याची पद्धत १९२९ च्या आपल्या ग्रंथात मांडली होती. म्हणजे शिथिलता ही केवळ मनाची समजूत नव्हे.

या दोन्हींचा मेळ घालून मी पुढील रीत सुचवितो. अंथरुणावर उताणे पडावे. पाय थोडे फाकलेले, तळहात वर. पायाची बोटे पाच-सहा सेकंद आवळावीत, मग एकदम सोडून अर्धा मिनिट तो सैलपणा अनुभवावा. याच क्रमाने पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे व शेवटी कपाळ आणि जबडा. नंतर श्वासाकडे लक्ष द्यावे. श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास थोडा अधिक वेळ द्यावा. त्याने हृदयाची गती मंदावते. मन भरकटले तर रागावू नये, पुन्हा श्वासाकडे वळावे.

निजण्यापूर्वी कोमट पाण्याने पाय धुण्याची सवयही उपयुक्त आहे. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, आतील उष्णता बाहेर पडते आणि शरीर झोपेस अनुकूल होते. वीस मिनिटांत झोप न आल्यास तळमळत न राहता उठून बसावे, मंद उजेडात काही हलके वाचावे व डोळे जड होताच परत पडावे. मोबाईल मात्र हातात घेऊ नये.

विद्यार्थी मित्रहो, दिवसा वाचलेले स्मरणात पक्के बसण्याचे काम बरेचसे झोपेतच होते. चहाच्या कपांवर रात्र काढणारा आपल्याच अभ्यासावर पाणी सोडतो. चहातील कॅफीनचा निम्मा अंश सुमारे पाच तासांनंतरही शरीरात असतो. तेव्हा संध्याकाळनंतर चहा टाळावा आणि सकाळी उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी.

ही सवय परीक्षेच्या रात्री शिकण्याची नाही. आजपासून रोज दहा-पंधरा मिनिटे दिली तर ती त्या रात्री कामास येईल. आणि आठवड्यातून तीन-चार रात्री, अशी कित्येक आठवडे झोप येत नसेल, तर मनाने गोळ्या न घेता डॉक्टरांना दाखवावे.