एका माणसामागे रोजचा दीड रुपया

२,३६,८०५ कोटी रुपये. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना द्यायला सुचवलेली ही रक्कम. पाचशेच्या नोटांत मांडली तर ४७३ कोटींहून जास्त नोटा होतात. न जेवता, न झोपता कुणी सेकंदाला एक नोट मोजत बसला, तर मोजणी संपायला १५० वर्षं लागतील.

आता हा आकडा सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातल्या एखाद्या गावापर्यंत आणू. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भारतात ८३ कोटींहून अधिक माणसं होती. भागाकार केला की माणशी पाच वर्षांत सुमारे २,८४० रुपये पडतात. वर्षाला ५६८. दिवसाला एक रुपया छप्पन पैसे. महाराष्ट्रात यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला मिळतात, उरलेले दहा-दहा टक्के पंचायत समितीला आणि जिल्हा परिषदेला. म्हणजे ग्रामपंचायतीच्या हाती सव्वा रुपया. त्यातला ६० टक्के निधी बंधित, पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच घालायचा. उरले पन्नास पैसे. पाखाडी, साकव, अंगणवाडीची कौलं, रस्त्यावरचे दिवे, शाळेची पडलेली भिंत, सगळं या पन्नास पैशांत बसवायचं. पगार आणि आस्थापनेचा खर्च त्यातूनही करता येत नाही. हा देशाच्या सरासरीचा हिशेब आहे, राज्यागणिक थोडं कमी-जास्त होतं. पण अंदाज यायला तो पुरेसा आहे.

सिंधुदुर्गात सव्वाचारशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. एका ग्रामपंचायतीत साधारण १,७०० माणसं धरली, तर सरासरीने वर्षाला पावणेआठ लाख रुपये येतील आणि त्यातले अबंधित तीन लाखांच्या आसपास. कोकणातलं गाव एका जागी नसतं. डोंगराच्या उतारावर, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, खाडीच्या काठाला अशा त्याच्या वाड्या पांगलेल्या. दहा वाड्या असतील तर वाडीला वर्षाचे तीस-एकतीस हजार. एवढ्यात जांभ्याच्या पायऱ्यांची एखादी पाखाडी दुरुस्त होईल. व्हाळावरचा साकव नवा बांधायचा तर कितीतरी वर्षांचे पैसे साठवावे लागतील, आणि तोवर बाकीच्या नऊ वाड्यांनी थांबायचं.

मला खरा अन्याय दिसतो तो रकमेपेक्षा मोजदादीत. आयोगाने राज्याराज्यांत वाटणी करताना लोकसंख्येला ९० टक्के वजन दिलं आणि क्षेत्रफळाला १०. लोकसंख्या २०११ ची. त्या जनगणनेत सिंधुदुर्गात ८,४९,६५१ माणसं भरली. दहा वर्षांपूर्वी ती ८,६८,८२५ होती. त्याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली आणि या जिल्ह्यातली एकोणीस हजारांनी घटली. ही माणसं नाहीशी झाली नाहीत. नोकरीसाठी गेलेले चाकरमानी मुंबईला मोजले गेले. घर मात्र गावातच राहिलं आणि त्या घराची वाटही. नळाची लाईन घालायची तर बंद घरावरूनच पुढच्या उघड्या घरापर्यंत न्यावी लागते. घर बंद आहे म्हणून पाईप आखूड होत नाही. गणपतीला हीच घरं उघडतात आणि तेवढे दिवस गावाच्या विहिरीवर, टाकीवर, रस्त्यावर कितीतरी जास्त माणसांचा भार येतो. कुठल्याही सूत्रात ही माणसं या गावची धरलेली नाहीत.

मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागला हेच आणखी ठळक दिसतं. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. मे महिन्यात, दिवाळीत, नाताळात पर्यटकांनी ती भरून जाते. त्यांचं सांडपाणी, प्लास्टिक आणि गाड्यांखाली फुटणारा रस्ता हे सगळं तिथल्या ग्रामपंचायतींचं काम. निधी मात्र ठरतो रहिवाशांच्या डोक्यांवर. समुद्र किनारा खातो तिथे धूपप्रतिबंधक बंधारा घालणं तर पन्नास पैशांच्या आवाक्यातलंच नाही, त्यासाठी वरच्याच दारात उभं राहावं लागतं.

तरीही हा सव्वा रुपया मी मोलाचा मानतो. खासदार निधी वर्षाला ५ कोटी. रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात २०२४ ला सुमारे साडेचौदा लाख मतदार होते, म्हणजे मतदारामागे वर्षाला पस्तीसेक रुपये, आणि काम सुचवायचं खासदाराने. वित्त आयोगाचे माणशी साडेचारशे रुपये थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतात आणि कुठे घालायचे याचा आराखडा ग्रामसभेत ठरतो. चौदाव्या आयोगाने तर ग्रामीण भागाचा सगळा निधी, दोन लाख कोटींहून थोडा अधिक, ग्रामपंचायतींनाच दिला होता. पंधराव्याने वरच्या दोन पायऱ्याही जोडल्या, पण संस्था निवडून आलेली हवी ही अट घालून. सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक बसला. आयोगाच्या पाच वर्षांतली निम्म्याहून जास्त वर्षं यातच गेली.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसं होती, सिंधुदुर्गात १६३. तेवढ्याच माणसांपर्यंत पाणी पोचवायला इथे दुपटीहून जास्त जमीन ओलांडावी लागते, तीही चढउताराची. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडून जांभ्यातून झिरपून जातो आणि एप्रिल-मेमध्ये काही वाड्यांत विहिरी तळ गाठतात. म्हणून गावकरी पावसाळा सरता सरता सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती-वाळू भरतात, त्यांची तोंडं शिवतात आणि व्हाळात एकावर एक रचून वनराई बंधारा घालतात. हे काम श्रमदानाचं, त्याला निधी जवळजवळ लागतच नाही. पण व्हाळाच्या दोन्ही अंगांना राबणारे हात गावात शिल्लक असावे लागतात. क्षेत्रफळाचं वजन दहावरून वीस टक्क्यांवर नेलं आणि हंगामी लोकसंख्या हिशेबात धरली, तर अशा विरळ वस्तीच्या गावांना पाण्याच्या कायमच्या कामासाठी दोन पैसे अधिक मिळतील.