दोन मजल्यांचं अंतर : मेडिकलच्या मुलांच्या मनाबद्दलचे पाच गैरसमज

आमच्या हॉस्पिटलात मेडिसिनचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर आहे आणि मानसोपचाराची ओपीडी पाचव्या. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी दीड महिना रोज या वॉर्डात येत होती. रात्री झोप नाही, मेसचं ताट तसंच परत, पुस्तक उघडलं की तेच पान. आपल्याला उपचार हवेत हे तिला कळत होतं. दोनदा ती केसपेपरच्या खिडकीपर्यंत गेली आणि परत फिरली, कारण वर ज्यांच्यासमोर बसायचं ते इंटर्न तिच्याच होस्टेलमधले होते. हे तिने मला बरी झाल्यावर सांगितलं. मी तिला रोज शिकवत होते, तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिची वाट अडवणारे गैरसमज तिच्या एकटीचे नव्हते. ते घरच्यांचे, मित्रमैत्रिणींचे आणि आम्हा शिक्षकांचेही होते.

गैरसमज १ : ‘नीटमध्ये एवढे मार्क पाडणारी मुलं मनाने खंबीरच असतात.’

वस्तुस्थिती : हुशारीमुळे नैराश्य टळत नाही. 2016 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात 43 देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात 27.2 टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांत नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल 2024 मध्ये आला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत एमबीबीएसच्या 25,590 विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली आणि 27.8 टक्क्यांनी मानसिक आजार असल्याचं सांगितलं. वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं 16.2 टक्क्यांनी नोंदवलं. एमडी-एमएस करणाऱ्यांत हे प्रमाण 31.2 टक्के होतं.

गावात कायम पहिला आलेला मुलगा इथे दीडशे पहिल्यांमध्ये येऊन बसतो. आयुष्यात पहिल्यांदा नापास होतो. विचार मराठीत येतात आणि व्हायव्हाला उत्तर इंग्रजीत द्यायचं असतं. घरी फोनवर मात्र ‘सगळं मस्त चाललंय’.

गैरसमज २ : ‘डॉक्टर व्हायचं तर जागरणं काढायलाच हवीत. आम्हीही सोसलं.’

वस्तुस्थिती : सोसल्याने शरीराचे नियम बदलत नाहीत. 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सलग 24 तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात सुमारे 0.10 टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरलेली दिसली. भारतात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा 0.03 टक्के आहे. रात्रभर ड्यूटी केलेला जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट डॉक्टर, पहाटे पाचला ब्लड कलेक्शनला निघतो तेव्हा हा हिशोब आपण करतच नाही. कृतिदलाने रेसिडेंटसाठी आठवड्याला जास्तीत जास्त 74 तास काम आणि एक सुटी सुचवली आहे. यात कुणाचे लाड नाहीत. पेशंटची सुरक्षितताही यातच आहे.

गैरसमज ३ : ‘मेडिकलला आहे ना, मग स्वतःचं त्याला कळत नाही?’

वस्तुस्थिती : कळतं, पण पाऊल उचलत नाही. ‘जामा’च्या त्याच आढाव्यात नैराश्याची लक्षणं असलेल्यांपैकी जेमतेम 15.7 टक्के विद्यार्थी उपचारांकडे वळले होते. ओळखीचे चेहरे, सीनियर काय म्हणतील ही धास्ती, पोस्टिंगमधून तासभरही न मिळणं, अशी कारणं साधी असतात आणि ती दूर करता येतात. विद्यार्थ्यांसाठी वेगळी वेळ हवी, कॉलेजबाहेरच्या तज्ज्ञाकडे जाण्याची सोय हवी, आणि जो मार्क देतो तोच समुपदेशक नसावा. परीक्षेच्या तोंडावर ठेवलेल्या एखाद्या प्रेरणादायी व्याख्यानाने हे काम होत नाही.

गैरसमज ४ : ‘एकदा फाइल झाली की करिअर संपलं. आणि गोळ्यांची सवय लागते.’

वस्तुस्थिती : मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. केवळ आजार आहे म्हणून एखाद्याची बुद्धी ठिकाणावर नाही असं धरता येत नाही, हेही तोच कायदा सांगतो. नैराश्यावरच्या औषधांची व्यसनासारखी चटक लागत नाही. गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि ती बंद करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. झोपेच्या काही गोळ्यांची सवय मात्र लागते. म्हणून मेडिकलच्या मुलांनी आपल्याच मनाने गोळी घेण्याचा मोह टाळायला हवा.

गैरसमज ५ : ‘आत्महत्येचा विषय काढला तर नसतं डोक्यात शिरेल.’

वस्तुस्थिती : शांतपणे, थेट विचारल्याने धोका वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. ‘इतका त्रास होतोय, तर जगणं नकोसं वाटतंय का तुला? मरण्याचे विचार येतात का?’ असं विचारा आणि उत्तर पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नका. ‘हो’ असं उत्तर आलं, तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा. ‘टेलि-मानस’चा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

त्या विद्यार्थिनीला शेवटी पाचव्या मजल्यावर नेलं ते तिच्या रूममेटने. आधी डॉक्टरांना फोन केला, केसपेपर स्वतः काढून आणला आणि ओपीडी उठल्यावर, दुपारी दोन वाजता, तिचा हात धरून जिना चढली. मैत्रिणीने एका दुपारी जे केलं, ते कॉलेजने रोज करायचं काम आहे.

मी माझ्यापुरता एक बदल केलाय. राउंडला केस विचारण्याआधी मुलांना विचारते, ‘रात्री किती तास झोपलात?’ सुरुवातीला सगळी मान खाली घालून गप्प राहायची. आता खरी उत्तरं येतात.