कर्नलच्या अंतरंगात – लेखांक ६ : मागण्याआधी आणलेली पानं

मागच्या लेखांकात आपण पेज कॅश पाहिली. फाइलमधून एकदा वाचलेला मजकूर लिनक्सचा कर्नल बहुधा चार-चार किलोबाइटच्या पानांत, रिकाम्या मेमरीत जपून ठेवतो. तोच पुन्हा लागला तर डिस्ककडे जावं लागत नाही. पण फाइल पहिल्यांदाच वाचली जात असेल तर? तिची पानं कॅशमध्ये असणार कुठून? इथे रीड-अहेड कामाला येतं. प्रोग्रॅमने मागण्याआधीच पुढची पानं आणून ठेवायची.

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवा तो भाग हेडखाली येण्यातच सरासरी चार मिलिसेकंद जातात. हेड सरकण्याचा वेळ वेगळाच. इतकी वाट पाहून एकच पान आणणं परवडत नाही. थोड्याशा जादा वेळात त्याच खेपेत पुढची पानंही येऊ शकतात.

मात्र अति तेथे माती. अंदाज चुकला तर डिस्कचा वेळ फुकट जातो आणि नको असलेली पानं कॅशमधल्या कामाच्या पानांना बाहेर काढतात. म्हणून प्रश्न उरतो तो किती आणि कधी आणायचं याचा. वू फेंगग्वांग यांनी त्यावर शोधलेली पद्धत २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२३ या आवृत्तीत आली. ती जवळून पाहू.

एक प्रोग्रॅम फाइल सुरुवातीपासून एकेक पान वाचतो आहे. पहिलं पान मागताच कर्नल चार पानं आणतो आणि दुसऱ्यावर खूण करतो. प्रोग्रॅम त्या खुणेपाशी आला, की वाचन ओळीने चाललं आहे हे कळतं. लगेच पुढच्या आठ पानांची मागणी डिस्ककडे रवाना होते. ती येईपर्यंत प्रोग्रॅम खोळंबत नाही, कारण तिसरं-चौथं पान हाताशी असतं. नव्या आठांपैकी पहिल्यावर पुन्हा खूण. तिथे पोहोचल्यावर सोळा, मग बत्तीस. बत्तीस पानं म्हणजे १२८ किलोबाइट. ही नेहमीची कमाल मर्यादा.

या रचनेचं मोठेपण तिच्या संयमात आहे. कॅशमधल्या बिनखुणेच्या पानावर रीड-अहेडला काहीच हिशेब करावा लागत नाही. वाचन मध्येच दूर कुठेतरी उडी मारून गेलं, तर कर्नल मागितलं तेवढंच आणतो. पुरावा वाढेल तसतशीच झेप वाढते.

तरीही प्रोग्रॅमला स्वतःबद्दल जे ठाऊक असतं, ते कर्नलला फक्त ताडता येतं. त्यासाठी ‘पॉझिक्स एफॲडव्हाइज’ ही सोय आहे. ‘ओळीने वाचणार’ असं कळवलं तर लिनक्स मर्यादा दुप्पट करतो; ‘कुठूनही वाचणार’ म्हटलं तर आगाऊ वाचन थांबवतो. प्रचंड फाइलमधून इथली-तिथली नोंद उचलणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ही एक ओळ जरूर लिहावी. आपल्याला माहीत असलेली गोष्ट कर्नलला ओळखायला लावू नये.

पुढील लेखांकात : मेमरी भरल्यावर कोणतं पान बाहेर जातं?